वेल वाळला, मजुराचे काय?

२००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये आत्महत्याग्रस्त ३१ जिल्हे आले. त्यात विदर्भाचे सहा होते आणि केरळचा वायनाडही होता. विदर्भात कापूस बुडाला, वायनाडच्या डोंगरात काळी मिरी.

मिरीबागा का उजाडल्या? पहिले कारण रोग. पावसाळ्यात फायटोफ्थोरा मुळाशी शिरतो आणि हिरवागार वेल पाहता पाहता वाळतो. मिरीचा वेल पांगाऱ्यावर चढवतात. २००५ च्या सुमारास गाठी करणाऱ्या चिमुकल्या परदेशी माशीने पांगारेच मारले. आधारच गेला, वेल चढणार कोठे?

दुसरे कारण बाजार. श्रीलंकेशी १९९८ साली झालेला मुक्त व्यापार करार २००० मध्ये अमलात आला. त्याच सुमारास व्हिएतनामची मिरी जगभर पसरली. भाव कोसळले. बागेची निगा परवडेना, तसा रोगाला आणखी वाव मिळाला. कर्ज फिटेना.

बागायतदाराचे हे दुःख खरे आहे. पण या बागांत राबणारे हात कोणाचे? त्यांत मोठा वाटा पणिया, अडिया या आदिवासींचा. एके काळी वल्लियूरकावच्या जत्रेत जमीनदार त्यांना वर्षभरासाठी बांधून घेत. त्यांच्या बळकावलेल्या जमिनी परत देणारा कायदा १९७५ साली झाला, पण राबवला गेला नाही. १९९९ साली त्याच्या जागी सौम्य कायदा आणला. २००३ साली सी. के. जानू यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी मुथंगाच्या जंगलात जमिनीसाठी बसले, तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

बाग मेली की मालकाच्या कर्जाचा विचार होतो. मजुराच्या नावावर जमीन नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही, म्हणून माफीही नाही. त्याचे बुडालेले रोज कोणत्याच वहीत चढत नाहीत. पोटासाठी तो कर्नाटकात आल्याच्या शेतावर जातो.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावाने ती सामुदायिक कसावी, जात-धर्म पाहू नये, कोणी भूमिहीन उरू नये, अशी मांडणी केली. डोंगरातली मिरी वाचवण्याच्या योजना त्या वाटेने जात नाहीत. त्या रोपे देतात, औषध देतात. आम्ही विचारतो, रोप लावायला आदिवासीने जमीन कोणाची आणायची?