जखम सुऱ्याबद्दल काय सांगते?

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1888 च्या ऑगस्ट अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत गरीब वस्तीतल्या पाच स्त्रियांचे साधारण सारख्याच पद्धतीने खून झाले. ‘जॅक द रिपर’ या नावाने जगभर बदनाम झालेला मारेकरी सापडला नाही आणि त्याचे हत्यारही हाती लागले नाही. मात्र तो डॉक्टर असावा, त्याच्याकडे शस्त्रक्रियेचा सुरा असावा, ही समजूत आजही घट्ट आहे. मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षींचा तिला मोठा आधार मिळाला. पण त्याच साक्षी नीट वाचल्या तर वेगळेच काही हाती येते. जखमेवरून पात्याचा अंदाज बांधता येतो, अमुक हत्यार नव्हते हे तर बरेचदा ठामपणे सांगता येते. सुरा धरणाऱ्याचा धंदा मात्र जखमेत लिहिलेला नसतो.

पात्याचाही केवळ अंदाजच बांधता येतो, याचे कारण कातडीच्या गुणधर्मात आहे. कातडी ताणलेली असते आणि तो ताण शरीराच्या प्रत्येक भागात ठरावीक दिशेने असतो. एकोणिसाव्या शतकात द्युपुत्राँ या फ्रेंच शल्यविशारदाच्या लक्षात आले, की गोल आरी टोचली तरी कातडीवर गोल भोक न राहता लांबट चीर उमटते. म्हणजे जखमेचे तोंड हे पात्याच्या आकाराची हुबेहूब छाप नव्हे. ताणाच्या दिशेला आडवा वार झाला तर ते रुंद फाकते, त्याच दिशेने झाला तर अरुंद राहते. खोलीचेही तसेच. पोट दाबले जात असल्यामुळे आखूड पातेही स्वतःच्या लांबीपेक्षा आत पोहोचू शकते. उलट, लांब पाते पूर्ण आत गेलेच नसेल तर खोलीवरून त्याची किमान लांबी तेवढी कळते. पाते एका बाजूनेच धारदार असेल तर चिरेचे एक टोक निमुळते आणि दुसरे बोथट दिसू शकते, पण सुरा आत फिरला तर हीही खूण पुसट होते.

या पार्श्वभूमीवर व्हाइटचॅपलच्या साक्षी तपासून पाहाव्यात. 8 सप्टेंबरला मारल्या गेलेल्या ॲनी चॅपमनच्या जखमांवरून डॉ. जॉर्ज बॅग्स्टर फिलिप्स यांनी अतिशय धारदार, अरुंद, किमान सहा ते आठ इंच लांबीचे पाते सांगितले. आणखी एक बळी कॅथरीन एडोज हिच्या बाबतीत डॉ. फ्रेडरिक गॉर्डन ब्राऊन यांनी टोकदार आणि किमान सहा इंची सुरा म्हटले. मेरी केलीचा मृतदेह पाहिलेल्या डॉ. थॉमस बाँड यांनीही किमान सहा इंच, धारदार, टोकदार आणि सुमारे इंचभर रुंद असेच वर्णन केले. तिघांनी दिलेली मापे एवढी जुळतात, कारण ती जखमेतून आलेली आहेत. पण मारेकऱ्याला शरीररचनेची जाण होती का, या प्रश्नावर याच डॉक्टरांत मतभेद दिसतात. फिलिप्स यांना तशी जाण दिसली. बाँड यांच्या मते त्याला खाटकाएवढेही ज्ञान नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की मृतदेह प्रत्यक्ष पाहणाऱ्या अनुभवी डॉक्टरांच्या मताला काही वजन आहे की नाही? आहेच, पण ते कोणत्या प्रश्नावर दिले आहे हे पाहायला हवे. खुद्द फिलिप्स यांनी शस्त्रक्रियेच्या लहान सुऱ्यासोबत खाटकाचा चांगला घासलेला सुराही शक्य मानला होता. बाँड यांच्या यादीत तर घडीचा चाकूही होता. असे पाते कोणाच्याही हाती असू शकते. अनेक शक्यतांमधली एकच उचलून तिच्यावर डॉक्टर मारेकरी उभा करणे हा पुरावा नव्हे, ती कल्पना झाली.

मग या तपासणीचा उपयोग काय, असा दुसरा आक्षेप येईल. उपयोग फार मोठा आहे, कारण ती निरपराधांना वाचवू शकते. चॅपमनच्या जखमा बंदुकीच्या संगिनीने झालेल्या नाहीत आणि चामड्याच्या कारागिरांच्या रापीसारख्या हत्यारांची पाती त्यासाठी पुरेशी लांब नसतात, असे फिलिप्स यांनी सांगितले. शहरात यहुद्यांविरुद्ध संशयाचे वारे वाहत असताना डॉ. ब्राऊन यांनी यहुदी धर्मविधीनुसार जनावरे कापणाऱ्यांचे सुरे तपासले आणि यांपैकी एकाही सुऱ्याने हे खून झालेले नाहीत, असा निर्वाळा दिला. त्या सुऱ्यांना टोकच नसते. मोजून दिलेल्या अशा उत्तराने एका संपूर्ण समाजावरच्या संशयाला उत्तर देता आले.

आज सूक्ष्मदर्शकाखाली हाडावरचे आणि कूर्चेवरचे ओरखडे संशयित सुऱ्याच्या धारेशी ताडून पाहता येतात. पण त्यासाठीही मुळात सुरा हाती लागावा लागतो. तो नसेल तर तज्ज्ञाने माप, धार आणि टोक एवढेच सांगावे, काय शक्य नाही ते निःसंकोच सांगावे आणि तिथे थांबावे. त्यापुढचे प्रत्येक पाऊल कोणत्या तरी धंद्यातल्या, कोणत्या तरी जमातीतल्या माणसांना संशयाच्या पिंजऱ्यात उभे करते. त्या पाच जणींना न्याय मिळाला नाही. निदान त्यांच्या जखमांच्या आधारे नव्या निरपराधांवर अन्याय होऊ नये, एवढी जबाबदारी तर्क करणाऱ्या प्रत्येकाची आहे.