दंड भरला म्हणजे सुटलो? जुनी शिक्षा रेकॉर्डवरून पुसता येते का, जाणून घ्या

आष्टी (जि. बीड) : यात्रेत पत्ते खेळताना पकडलं, कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हटलं, दंड भरला, प्रकरण मिटलं. निदान तसं वाटतं. काही वर्षांनी चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ असा रकाना येतो. आष्टीसारख्या तालुक्यात पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांचं इथेच अडतं.

कारण दंड कितीही छोटा असो, कायद्याच्या लेखी ती शिक्षाच. ब्रिटनमध्ये दंडाची शिक्षा वर्षभरानंतर बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगावी लागत नाही. भारतात प्रौढांसाठी अशी सोय नाही. हरियाणातल्या एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याची नोकरी तर फक्त २० रुपयांच्या दंडामुळे गेली होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि छोट्या दंडाला शिक्षा मानू नये, असा कायदा करण्याचं संसदेला सुचवलं. तसा कायदा अजून झालेला नाही.

मग मार्ग काय? खरा मार्ग शिक्षा होण्याआधीच असतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार पहिल्याच किरकोळ गुन्ह्यात न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. तसं झालं तर कलम १२ मुळे त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. नोंद मात्र राहते. घाईत कबुली देणाऱ्याला हे कोण सांगणार? म्हणून आधी वकिलाशी बोला. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

लोकअदालतीतही फरक ओळखा. बांधावरच्या शिवीगाळीसारख्या प्रकरणात तडजोड झाली, तर ती निर्दोष सुटका धरली जाते. कबुली देऊन दंड भरला, तर शिक्षा.

गुन्ह्याच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ मदतीला येतं. अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद १६ वर्षांवरील मुलांच्या, प्रौढ म्हणून चाललेल्या अतिगंभीर गुन्ह्यांचा.

आणि शिक्षा आधीच झाली असेल तर? लपवू नका. किरकोळ गुन्हा लपवला तरी नोकरी देणाऱ्याला तो माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं, पण ती त्याची मर्जी. फॉर्ममध्ये खरं लिहा आणि निकालाची प्रमाणित प्रत कोर्टातून काढून सोबत जोडा.