अळीला अवेळी कात टाकायला लावणारा रेणू

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या तुती उत्पादकांचे कर्नाटकातल्या रामनगरला होणारे हेलपाटे कमी झाले. कोषातल्या या किड्याचे विज्ञानावर जुने ऋण आहे. १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी असे सुमारे ५०० किलो किडे वाटून, गाळून त्यातून एकडायसोन हे संप्रेरक वेगळे केले. हाती लागले अवघे २५ मिलिग्रॅम! अळीला कात टाकायचा हुकूम देते ते हेच.

पेशीच्या केंद्रकातल्या एका ग्राही प्रथिनाच्या पोकळीत एकडायसोन बसले, की ते प्रथिन कात टाकण्याची जनुके चालू करते. आपल्या शरीरातले इस्ट्रोजेन, थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व यांचे ग्राहीही याच घराण्यातले. एकडायसोनचा ग्राही मात्र माणसात नाही. कीटकनाशक शोधणाऱ्याला याहून चांगले लक्ष्य कोणते मिळणार?

पण एकडायसोनच फवारायचे, तर रेणू किचकट आणि महाग. शिवाय अळीचे शरीर तो मोडून टाकते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीच्या संशोधकांनी दाखवले, की डायअसिलहायड्राझिन वर्गातल्या एका साध्या संयुगालाही हा ग्राही फसतो. त्याचा तोंडवळा एकडायसोनशी अजिबात जुळत नाही, तरीही! त्यातूनच पुढे टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सिफेनोझाइड आली. कात टाकताना संप्रेरकाची पातळी आधी चढावी लागते, मग उतरावीही लागते. हे रेणू मात्र ग्राहीत बसूनच राहतात आणि कात टाकण्याचा हुकूम थांबूच देत नाहीत. अळी काही तासांत खाणे सोडते, कात अर्धवट सुटते, खालची नवी त्वचा टणक होत नाही आणि अळी उपाशी, कोरडी पडून मरते.

वेगळ्याच तोंडवळ्याच्या रेणूला ग्राही फसतो कसा, ते २००३ मध्ये कळले. आपल्या हिरव्या बोंडअळीच्या एका जवळच्या नातलगाचा ग्राही घेऊन फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या संशोधकांनी क्ष-किरणांनी त्याची रचना टिपली. शाळेत शिकवतात ती कुलूप-किल्ली इथे लंगडी पडते, कारण किल्ली बदलली की हे कुलूपच आपला आकार बदलते. एकडायसोनसारखा रेणू आणि कृत्रिम रेणू यांच्या जागा थोड्याच एकमेकींवर येतात. म्हणजे औषध आधी सापडले, नकाशा पंधरा वर्षांनी. आता नकाशा समोर ठेवून संगणकावर नवे रेणू आखता येतात. पण कुलूपच आकार बदलत असल्याने एकाच नकाशावर विसंबून भागत नाही.

पोकळीच्या भिंतीतली अमिनो आम्ले कीटकागणिक थोडी वेगळी असतात. त्यामुळे ही औषधे पतंगवर्गातल्या अळ्यांवर नेम धरतात आणि ढालकिडे, मधमाश्या बऱ्याच अंशी वाचतात. जालन्यापुरती अडचण एकच, पण मोठी: रेशमाची अळीही पतंगाचीच. कपाशीवरची बोंडअळी मारावी आणि शेजारच्या तुतीवरची अळी सोडावी, हा भेद ही औषधे करत नाहीत. तेव्हा डब्यावरच्या नावाच्या शेवटी ‘फेनोझाइड’ असेल, तर वारा तुतीकडे वाहत असताना फवारू नका आणि फवारण्याआधी शेजारच्या रेशीम उत्पादकाला तेवढे कळवा.