वाचाघातानंतरचा संवाद

पक्षाघाताच्या झटक्यानंतर हातापायांतली शक्ती कितपत परतली हे घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना दिसते. भाषेला झालेली इजा मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयीचे गैरसमज लवकर पक्के होतात. मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील रोहिणीत गुठळी अडकली किंवा ती रोहिणी फुटली, तर बोलणे, ऐकलेले समजणे, वाचणे आणि लिहिणे या चारही क्षमतांना कमीअधिक धक्का बसू शकतो. या अवस्थेला वाचाघात किंवा ॲफेजिया म्हणतात, आणि झटका आलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांत ती आढळते. जीभ आणि ओठ यांचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट होणे ही निराळी गोष्ट आहे, कारण तिथे भाषा शाबूत असते. वाचाघातात भाषाच दुखावते. परंतु माणसे ओळखणे, नात्यांची जाण, आवडीनिवडी आणि स्वतःची मते हे सारे बहुतेक वेळा टिकून राहते.

पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिस येथे ज्या रुग्णाची नोंद मांडली, त्याला ‘तान’ या एका उच्चारापलीकडे जवळजवळ काहीच बोलता येत नव्हते, समजत मात्र पुष्कळ होते. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार दाखवला, ज्यात बोलणे अस्खलित वाहते, पण शब्द भलतेच येतात आणि दुसऱ्याचे बोलणे नीट उमगत नाही. हा दुसरा प्रकार कुटुंबाला अधिक हादरवतो. वाक्याचा सूर आणि आविर्भाव नेहमीचाच असल्यामुळे माणसाला भ्रम झाला असा समज होतो, आणि भाषेच्या उपचारांची वाट चुकून भलतीकडे वळते. पहिल्या प्रकारात मराठीभाषक रुग्णाच्या बोलण्यातून क्रियापदे गळतात आणि विभक्तीचे प्रत्यय सुटतात किंवा बदलतात. ‘मुलाला बँकेत पाठव’ एवढे सांगायला ‘मुलगा... बँक...’ असे दोन शब्द मोठ्या कष्टाने बाहेर पडतात, आणि उरलेला अर्थ हातवाऱ्यांतून ओळखावा लागतो.

स्पीच थेरपिस्टचे काम येथून सुरू होते. आरंभी तपासले जाते ते रुग्णाचे ‘हो’ आणि ‘नाही’ कितपत भरवशाचे आहे, कारण वाचाघातात मान डोलते एका बाजूला आणि मनात असते दुसरेच, असे वारंवार घडते. त्यानंतर वस्तू दाखवणे, नाव सांगणे, ऐकलेले पुन्हा म्हणणे, वाचणे आणि लिहिणे अशी चाचणी होते. घरात मालवणी, कचेरीत हिंदी आणि शिक्षण इंग्रजीतून अशी ज्याची भाषिक घडण आहे, त्याच्या सर्व भाषा सारख्या वेगाने परततातच असे नाही. म्हणून कोणती भाषा कोणाशी आणि कशासाठी वापरली जात होती, याची विचारपूस अनुभवी थेरपिस्ट आधी करतो.

प्रत्यक्ष सरावाचा सर्वांत शिकवणारा भाग नाव आठवण्याचा आहे. विळीचे चित्र समोर असते आणि रुग्णाला ती काय आहे हे पूर्ण ठाऊक असते, तरी शब्द येत नाही, किंवा ‘सुरी’ असा जवळचा दुसराच शब्द येतो. थेरपिस्ट लगेच नाव सांगत नाही. हिने काय करतात, ही घरात कुठे असते, हिला पाते असते का, असे विचारत तो त्या शब्दाभोवतीचा अर्थ जागा करतो. तेवढ्याने भागले नाही तर चिरण्याची खूण करून दाखवतो, मग ‘आजी भाजी चिरायला बसली, समोर घेतली...’ असे वाक्य अर्धवट सोडतो, आणि अगदी शेवटी ‘वि’ एवढाच पहिला ध्वनी देतो. पुष्कळदा त्या एका ध्वनीसरशी पूर्ण शब्द उमटतो, आणि शब्द नाहीसा झालेला नसून केवळ वेळेवर हाती येत नाही, हे शेजारी बसलेल्या नातेवाइकाला तेव्हा प्रथमच पटते. या साऱ्यात दोन प्रश्नांमधली शांतता फार मोलाची असते. ती सहन न होऊन नातेवाईक उत्तर सांगून टाकतात आणि रुग्णाचा अर्ध्यावर आलेला प्रयत्न तिथेच खुंटतो.

आकडे, वार, पाढे आणि आरती मात्र अनेकांना सलग म्हणता येतात, आणि यातून घरात एक कटू आरोप जन्माला येतो: गणपतीची आरती येते, मग पाणी का मागता येत नाही? पाठ असलेली मालिका आपोआप वाहते, तर पाणी मागताना नवे वाक्य त्या क्षणी रचावे लागते, आणि दुखावलेली असते ती ही रचना. लयीची शाबूत शक्ती उपचारात वापरण्याची एक पद्धत बॉस्टन येथील संशोधकांनी १९७३ मध्ये मांडली. तीत ‘पाणी दे’सारखी छोटी वाक्ये दोनच स्वरांत, डाव्या हाताने ताल धरत म्हणून घेतात, आणि उजव्या अर्धगोलाची मदत मिळावी हा त्यामागचा विचार आहे. ती सर्वांनाच लागू पडत नाही. मुख्यतः ज्यांना समजते पण बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ती आहे.

सराव आठवड्यातले काही तास चालतो, उरलेला सारा वेळ रुग्ण घरी असतो. त्यामुळे घरच्यांचे शिक्षण हा उपचाराचाच अर्धा भाग मानला पाहिजे. टोरांटो येथील ऑरा केगन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्णाइतकेच त्याच्याशी बोलणाऱ्याला शिकवले जाते: टीव्ही बंद करावा, एका वेळी एकच विषय घ्यावा, ‘दवाखाना’, ‘लग्न’, ‘पेन्शन’ असा कळीचा शब्द पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, दोन पर्याय दाखवावेत आणि शेवटी आपल्याला जे समजले ते बरोबर आहे ना, हे विचारून घ्यावे. पाहुण्यांसमोर ‘हे काय? सांगा ना!’ अशी परीक्षा घेणे, मोठ्याने किंवा लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे, यांनी माणूस हळूहळू गप्प होतो आणि खिन्नतेकडे झुकतो. समदुःखितांच्या गटाचा उपयोग इथेच दिसतो. वर्तमानपत्रातील एका मथळ्यावर खुणा, चित्रे आणि अर्धे शब्द यांनी तासभर चर्चा चालते, आणि थांबण्याची सवय सर्वांनाच असल्यामुळे कोणी कोणाचे वाक्य पळवत नाही.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पण ती तिथेच थांबते हे खरे नाही. अनेक वर्षांनंतरही सरावाने भर पडते. स्वीडिश कवी तोमास ट्रान्सत्रोमर यांना १९९० मध्ये झटका येऊन वाचाघात झाला, उजवा हात निकामी झाला. तरी ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले आणि २००४ मध्ये त्यांचा हायकूंचा संग्रह निघाला. साहित्याचे नोबेल त्यांना २०११ मध्ये मिळाले.

महाराष्ट्रात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाणी व भाषेच्या उपचारांची सोय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या परिशिष्टात वाचाघातामुळे आलेले वाणी व भाषेचे कायमचे अपंगत्व स्पष्टपणे समाविष्ट आहे, आणि ते चाळीस टक्के किंवा अधिक प्रमाणित झाल्यास कायद्यातील विशेष लाभांसाठी पात्रता मिळते. रुग्णालयातून घरी सोडताना औषधे आणि फिजिओथेरपी लिहून दिली जाते, भाषेचा उल्लेख अनेकदा राहून जातो. अशा वेळी स्पीच थेरपिस्टकडे पाठवण्याची चिठ्ठी कुटुंबाने स्वतः मागून घ्यावी, आणि पहिल्या भेटीला रुग्णाबरोबर त्याच्याशी रोज बोलणाऱ्या व्यक्तीनेही जावे.