टेस ऑफ द ड्यूर्बरव्हिल्स : कादंबरीचा शेवट

टॉमस हार्डी (१८४०–१९२८) ह्या इंग्रज कादंबरीकाराची १८९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली शोकात्म कादंबरी. तिच्या सात भागांपैकी अखेरच्या भागात नायिकेच्या व्यक्तिगत दुर्दैवाला बळीच्या विधीचे रूप आले आहे.

टेस ही एका गरीब ग्रामीण कुटुंबातील मुलगी. ॲलेक तिचे शीलहरण करतो. तिला झालेले मूल दगावते. पुढे एंजल क्लेअरशी तिचा विवाह होतो. लग्नाच्या रात्री तो आपल्या पूर्वीच्या स्खलनाची कबुली देतो व टेस त्याला क्षमा करते. तिने आपली हकीकत सांगताच मात्र तो तिचा त्याग करतो. माहेरच्या हलाखीमुळे ती पुन्हा ॲलेकच्या आश्रयास जाते. पश्चात्तापदग्ध एंजल परततो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती ॲलेकचा खून करते व एंजलबरोबर पळून जाते.

छतावर उमटलेला रक्ताचा डाग बदामाच्या एक्क्यासारखा दिसतो. प्रारंभी टेसच्या केसांतील लाल फीत आणि प्रिन्स ह्या घोड्याच्या मृत्यूच्या वेळी तिच्या अंगावर उडालेले रक्त ह्यांतून सुरू झालेली लाल रंगाची प्रतीकमालिका येथे पूर्ण होते. त्याचप्रमाणे झोपेत चालणाऱ्या एंजलने तिला पूर्वी दगडी शवपेटीत ठेवलेले असते. आता स्टोनहेंज येथील एका शिळेवर ती स्वतःच झोपी जाते. सूर्योदयाच्या वेळी पोलीस तिला घेरतात आणि सूर्यपूजकांची वेदी ही कायद्याची वेदी ठरते. ह्या प्रागैतिहासिक शिलावर्तुळामुळे टेसच्या दुःखाला प्राचीनतेची पार्श्वभूमी लाभते.

फाशीचे दृश्य हार्डीने प्रत्यक्ष दाखविलेले नाही. इंग्लंडमध्ये जाहीर फाशीची प्रथा १८६८ मध्ये बंद झाली होती. म्हणून कारागृहाच्या मनोऱ्यावर चढणारे काळे निशाण तेवढे दूरच्या टेकडीवरून दिसते. सोळा वर्षांचा असताना, १८५६ मध्ये, हार्डीने डॉर्चेस्टर येथे मार्था ब्राऊन ह्या स्त्रीची जाहीर फाशी पाहिली होती.

अखेरीस हार्डी ग्रीक नाटककार एस्किलस ह्याच्या एका शब्दप्रयोगाचा आधार घेऊन देवांच्या क्रूर खेळाचा उपरोधाने उल्लेख करतो. तथापि टेसचा नाश केवळ अंध नियतीमुळे होत नाही. दारिद्र्य, स्त्रीपुरुषांना लावले जाणारे नीतीचे भिन्न मापदंड व कठोर न्यायव्यवस्था ही मानवनिर्मित कारणे कथानकात स्पष्ट आहेत. निशाण पाहणाऱ्या एंजलसोबत टेसची बहीण लिझा-लू असते. तिच्याशी विवाह करावा, अशी टेसची इच्छा असते. परंतु मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह करण्यास इंग्लंडच्या कायद्याने १९०७ पर्यंत मनाई होती. त्यामुळे शेवटी सूचित झालेली आशाही निर्वेध राहत नाही. उपशीर्षकात हार्डीने टेसला शुद्ध स्त्री म्हटले आहे. समाज जिला अपराधी ठरवितो तिची शुद्धता मान्य करावयाची की नाही, हा प्रश्न कादंबरीचा शेवट वाचकापुढे ठेवतो.