जुनी गाडी सकाळी रुसते तेव्हा

सकाळचे सात वाजले की चौबे कॉलोनीच्या गल्ल्यांतून गाड्या बाहेर पडू लागतात. महाराष्ट्र मंडळामुळे मराठी माणसांना परिचित असलेली रायपूरची ही वसाहत. कुणाला मुलांना शाळेत सोडायचे असते, तर कुणाला जीई रोडने भिलाई गाठायची असते. अशा वेळी एखाद्या घरासमोर सेल्फचा ‘खर्र खर्र’ आवाज सुरू होतो आणि थांबायचे नावच घेत नाही. गाडी बहुधा जुनी, कुणाकडून तरी घेतलेली असते.

समजा, अशाच एका घराने दोन वर्षांच्या बचतीतून जुनी गाडी घेतली. गृहिणीने हौसेने ड्रायव्हिंग शिकून लायसन्सही काढले. पण जयस्तंभ चौकात सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन गप्प! मागून हॉर्नचा भडिमार. घरी आल्यावर पतिराजांचा निकाल तयारच असतो, ‘‘तुला क्लच नीट सोडता येत नाही.’’ दोन-तीनदा असे झाले की ती पुन्हा रिक्षाने जाऊ लागते. आणि गॅरेजवाला मान हलवत म्हणतो, ‘‘भाभीजी, इंजन खोलना पड़ेगा.’’

असा निकाल ऐकून लगेच हो म्हणू नका. सुरू न होणे आणि उभ्या उभ्या बंद पडणे, या जुन्या गाड्यांच्या दोन नेहमीच्या तक्रारी. त्यांचे मूळ बरेचदा बॅटरीचे टर्मिनल, प्लग, फिल्टर, नाही तर एखादी चिरलेली रबरी नळी, अशा किरकोळ वस्तूत सापडते. फक्त तपासणी क्रमाने व्हायला हवी.

क्लचचा वाद तर पाच मिनिटांत मिटतो. सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि तिन्ही पेडलवरून पाय काढा. इंजिन तरीही बंद पडले, तर दोष गाडीचा आहे, चालवणारीचा नाही.

आधी आवाज ऐका

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येते, यावर अर्धे निदान होते. नुसते ‘टक टक टक’ होऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुऊन काढता येते. मात्र आधी ऋण म्हणजे निगेटिव्ह तार सोडवायची आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडायची. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 12च्या खाली असेल, तर ती जवळजवळ उतरलेली समजावी. इंजिन चालू असताना हाच आकडा 14च्या आसपास दिसला पाहिजे. तो वाढत नसेल, तर नवी बॅटरी आणून उपयोग नाही. अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासायला हवा. रायपूरच्या मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. थंडीत बॅटरी बसली की लोक थंडीला दोष देतात, पण तिचे आयुष्य खाल्लेले असते उन्हाळ्याने.

दिवे लख्ख आहेत, पण एकच ‘टक’ होऊन शांतता, तर संशय सेल्फच्या मोटरवर किंवा तिच्या सोलेनॉइडवर जातो.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, ही निराळी गोष्ट. इथे पेट्रोल, ठिणगी आणि हवा या तिघांपैकी कोण गैरहजर आहे, ते शोधायचे. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटच्या बाजूने दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती येत नसेल, तर पंप बदलण्याआधी फ्यूज आणि रिले पाहायला सांगा. पेट्रोलचा भपकारा येत असेल, तर इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे. जरा थांबा, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असे केल्याने पेट्रोल तोडले जाते आणि नुसती हवा आत जाते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये त्याला विश्रांती द्यावी.

धक्का मारून गाडी सुरू करण्याची आपली जुनी सवय! कार्बोरेटरच्या गाडीला ती चालून गेली. इंजेक्शनच्या गाडीत मात्र न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरते आणि तो महागडा भाग जळू शकतो. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरूच होत नाही.

प्लग काढला की तो पुष्कळ काही सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल, तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरट पडले असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन फार तापते आहे. तेलकट ओले असेल, तर मात्र काळजीचे, कारण इंजिनाचे तेल जळणाच्या जागी पोहोचते आहे.

सुरू होते, पण टिकत नाही

रायपूरच्या उत्तरेला उरला-सिलतराचे लोखंडाचे कारखाने आहेत. इथली काळी धूळ घरातल्या गृहिणींना सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर जी बसते, तीच एअर फिल्टरवरही बसते. म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीची वाट न पाहता इथे फिल्टर लवकर पाहावा. तो स्वस्त असतो आणि बदलायला पाना लागला तर लागतो.

गरम इंजिन उभ्या गाडीत साधारण मिनिटाला 750 ते 900 फेऱ्यांवर स्थिर राहायला हवे. काटा वर-खाली नाचत असेल, तर बोनेट उघडून कान द्या. बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज आला, तर कुठली तरी व्हॅक्युमची नळी चिरली आहे. इंजिन त्या चिरेतून जास्तीची हवा ओढते आणि मिश्रण बिघडते. नळी चाळीस-पन्नास रुपयांची असो की दोनशेची, ओव्हरहॉलिंगच्या मानाने काहीच नाही. नळ्या शाबूत असतील, तर थ्रॉटल बॉडीत काजळी साचली आहे का, ते पाहावे. एसी लावताच इंजिन दबते, ही तक्रार अनेकदा ती साफ केल्यावर जाते.

कार्बोरेटरच्या गाड्या आता थोड्याच राहिल्या. मारुती 800 डिसेंबर 1983मध्ये आली, तिचे उत्पादन 2014मध्ये थांबले, आणि 2000च्या सुमारास तिच्यात इंजेक्शन आले. त्याआधीची एखादी हौसेने जपलेली असेल, तर स्लो जेटमधला कचरा काढणे आणि पॉइंटची फट नीट ठेवणे एवढ्यावर तिचा रुसवा बहुधा जातो. उन्हाळ्यात तापून बंद पडली, तर पेट्रोलची वाफ नळीत अडकलेली असू शकते. सावलीत उभी करून पंपावर ओले फडके ठेवावे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरते. ती कोरड्या कापडाने पुसून पाहा.

इथे एक पळवाट आहे आणि ती सर्रास वापरली जाते. स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग वाढवून द्यायचा. गाडी बंद पडत नाही, ग्राहक खूश! पण मूळ दोष तसाच राहतो आणि पेट्रोल वाया जाते. ‘रेस वाढवून दिली’ असे ऐकले की ‘का वाढवावी लागली?’ हा प्रश्न विचाराच. स्कॅनर लावून कोड काढणाऱ्यालाही हेच लागू. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नाही. सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सरच गेला असे नसते. त्याची तार तुटलेली असू शकते.

आणखी एक नवी गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, टाकीतला जुना गाळ सोडवते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. म्हणून वयस्क गाडी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. पेट्रोलचा फिल्टर वेळेवर बदलावा आणि नळ्या वर्षातून एकदा दाबून पाहाव्यात.

घेण्याआधीची सकाळ

गाडी अजून घ्यायचीच असेल, तर विकणाऱ्याला न कळवता थोडे लवकर जा आणि सर्वांत आधी बोनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले, तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. खरी परीक्षा थंड इंजिनाची. मग पंधरा मिनिटे चालवून, एसी आणि हेडलाइट लावून, उभ्या गाडीत दोन मिनिटे काटा पाहत बसा. लगेच बंद करून पुन्हा सुरू करा. हे सारे उघड्यावरच करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

हे सगळे पाहूनही इंजिन मिसिंग करीत असेल आणि मेकॅनिक उघडण्यावर ठाम असेल, तर त्याआधी कॉम्प्रेशन मोजून मागा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या. सगळे जवळजवळ सारखे आणि पुरेसे असतील, तर इंजिन उघडण्याची घाई नको. एकच फार कमी असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. तेवढाच राहिला, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेडच्या गॅस्केटवर. व्हॉल्व्हचे काम हेड उतरवून होते, त्यासाठी सगळे इंजिन खोलावे लागत नाही. बदललेले जुने भाग पिशवीत घालून घरी न्यायचे, हेही गाडी गॅरेजमध्ये सोडतानाच सांगून ठेवा.