एका यंत्रांत दोन ग्राफिक्स कार्डें

संगणकावर खेळण्याचा नाद ज्या विद्यार्थ्यांना आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत एक हिशेब घोळत असतो. एका ग्राफिक्स कार्डानें पडद्यावर सेकंदास ३० चित्रें उमटतात. मग तसलेंच दुसरें कार्ड शेजारीं बसविलें असतां ६० कां उमटूं नयेत? जुनें कार्ड बाजारांत स्वस्त मिळतें, मदरबोर्डावर खांच रिकामी असते, आणि वडिलांपाशीं हट्ट धरावयास तेवढें कारण पुरतें. वडीलमंडळींनींही पैसे काढून देण्यापूर्वीं हा हिशेब कोठें फसतो तें पाहावें, म्हणून हा लेख.

खेळांतील हलता देखावा म्हणजे एकामागून एक येणारीं स्थिर चित्रें होत. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर एका चित्रास सेकंदाचे सुमारें १७ सहस्रांश मिळतात. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर बिंदु असतात. तेवढ्या अवधींत त्या सर्वांचे रंग ठरवावयाचे. बिंदु पुष्कळ, आणि प्रत्येकाचें गणित बरेंचसें स्वतंत्र. म्हणून हें काम वांटून देतां येतें.

थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीनें १९९८ सालीं आपल्या व्हूडू-२ कार्डांत नेमकें हेंच केलें. चित्राच्या एकाआड एक ओळी एका कार्डानें काढावयाच्या, उरलेल्या दुसऱ्यानें. इनामगांवच्या बाजूस ज्यांनीं ऊसतोड पाहिली आहे, त्यांना हें चटकन् उमजेल: दोघां तोडकऱ्यांनीं एकाआड एक सरी धरावी, तसाच हा प्रकार. पुढें ही कल्पना एन्व्हिडिया कंपनीच्या हातीं गेली. तिनें २००४ मध्यें ‘एसएलआय’ याच जुन्या नांवानें ती पुन्हां बाजारांत आणिली, आणि २००५ मध्यें एटीआयनें ‘क्रॉसफायर’ काढून तिच्याशीं स्पर्धा केली. आतां ओळींऐवजीं बहुधा अख्खीं चित्रेंच वांटलीं जाऊं लागलीं: विषम क्रमांकाचें चित्र एका कार्डाकडे, समाचें दुसऱ्याकडे.

अडचण येथेंच उभी राहिली. अलीकडील खेळ नवें चित्र काढतांना मागील चित्राचा आधार घेतात. मागलें चित्र दुसऱ्या कार्डांत अडकलेलें असेल तर या कार्डानें वाट पाहात बसावें लागतें. फडांत कोयते दोन झाले, पण मोळ्या वाहणारी गाडी एकच! कामाचा दहावा हिस्सा जरी न वांटतां येण्याजोगा असला, तरी दोघांनीं मिळून वेग दुप्पट न होतां सुमारें १.८ पट होतो. शिवाय चित्रें समान अंतरानें न येतां दोन लगोलग आणि मग खंड, अशीं येऊं लागलीं. आंकडा मोठा दिसे, पण डोळ्यांस झटके जाणवत. स्मृतीचीही बेरीज होत नसे. प्रत्येक कार्डास खेळाचें सारें साहित्य आपल्यापाशीं ठेवावें लागे, म्हणून ८ जीबीचीं दोन कार्डें खेळापुरतीं ८ जीबीचींच राहात. पैसे मात्र दोहोंचे पडत!

अखेर १ जानेवारी २०२१ पासून एन्व्हिडियानें नव्या खेळांसाठीं ही सोय आपल्याकडून पुरविणें बंद केलें, आणि २०२२ पासूनच्या आरटीएक्स ४० मालिकेंतील कार्डांवर जोडणीची जागाच ठेविली नाहीं.

यावरून कामाची वांटणीच निरुपयोगी, असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्याच जिल्ह्यांत, पुणें येथें, १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. ट्रान्सप्यूटर नांवाचे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून तो बनविला होता. अशा यंत्रावर हवामानाचें गणित करावयाचें तर वातावरणाचे चौकोन पाडून ते निरनिराळ्या प्रोसेसरांस वांटून देतात. प्रत्येकानें शेजाऱ्यास फक्त आपल्या कडेची वार्ता कळवावयाची. येथेंही एकमेकांसाठीं थांबणें आहेच. परंतु गणित एवढें मोठें कीं त्यापुढें तें थांबणें अल्प ठरतें, आणि सेकंदाच्या साठाव्या भागांत उत्तर हवें, अशी निकडही नसते.

घरच्या यंत्रांतही अशीं कामें आहेत. ब्लेंडर या विनामूल्य साधनानें चलच्चित्र तयार करितांना एकेक चित्र रात्रभर सावकाश काढलें तरी चालतें. तेथें दोन कार्डें खरोखरच जवळजवळ दुप्पट काम उरकतात. ज्या मुलास खेळण्यापेक्षां काढण्याची हौस आहे, त्यानें दुसऱ्या कार्डाचा विचार अवश्य करावा. मात्र २०० वॅटचीं दोन कार्डें म्हणजे ४०० वॅट, शिवाय बाकीच्या यंत्राचा भार वेगळा. म्हणून पॉवर सप्लायवर किती वॅट लिहिले आहेत, तें आधीं वाचून पाहावें.